भागूमावशीच्या चाली

रेकॉर्ड खराब निघाली, असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला पक्कं ठाऊक आहे. मच्छिंद्र. लग्नकार्यात कर्णे लावायचा त्याचा घोडेगावात धंदा होता, शिवाय घरची बेंजो पार्टी. माझा थोरला भाऊ कृपादान उन्हाळाभर त्याच्या पार्टीत बेंजो वाजवायचा आणि थंडीत साखर कारखान्यात कामाला जायचा. १९७० सालच्या दिवाळीनंतर भावाच्या बेंजोची रेकॉर्ड निघाली. बारा इंची तबकडी, दोन्ही बाजू मिळून आठ चाली. ती ऐकायला आमच्या घरी यंत्र नव्हतं, म्हणून आम्ही दोघं बहीणभाऊ चार मैल चालत मच्छिंद्रच्या दुकानी गेलो. त्यानं तबकडी लावली, दोन मिनिटं ऐकली, मग सुई उचलली, तिच्या टोकाला बोट लावून पाहिलं, फुंकर मारली आणि परत ठेवली.

"कृपादानदादा, फसिवलं तुला मुंबईवाल्यांनी," तो म्हणाला. "मधी मधी आवाजच जातोय हिचा."

आवाज जात नव्हता. भाऊ थांबत होता. पण ते त्या दुकानातल्या सहा-सात बाप्यांपैकी एकालाही कळलं नाही. एकानं विचारलं, ढोलकी कुठाय. दुसरा म्हणाला, ताशा नाही, खुळखुळा नाही, नुसता बेंजो कोण ऐकतं. तिसरा म्हणाला, मयताला लावायला बरी आहे. शेवटी मच्छिंद्रनं यंत्राचा खटका सरकवून तबकडी जोरात फिरवली. माझ्या भावानं दोन दिवस जीव ओतून वाजवलेली चाल किरकिरत, धापा टाकत पळायला लागली. "आता कसं," तो म्हणाला, "आता नाचता तरी यील." सगळे हसले. माझा भाऊसुद्धा हसला.

माझ्या भावाला राग येत नसे. त्याच्या वाट्याचाही मलाच आलेला आहे. मी त्या वेळी चोवीस वर्षांची होते, गावच्या शाळेत मास्तरीण होते, आणि मास्तरणीनं चारचौघांत कसं वागावं हे मला ठाऊक होतं. तरी मी उठून तो खटका पूर्वीच्या जागी आणला आणि मच्छिंद्रला म्हटलं, "तुझ्या कानात कर्ण्याचा मळ साचलाय." परत येताना रस्ताभर भाऊ मला समजावत होता की त्याच्या पार्टीत वाजवायचं आहे, असं बोलू नये.

पण खरी रागाची गोष्ट वेगळीच होती, आणि ती मच्छिंद्रला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. त्या आठ चाली माझ्या भावाच्या नव्हत्या. भागूमावशीच्या होत्या. आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

रेकॉर्ड निघाली कशी, ते आधी सांगते. नगरला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात भाऊ बेंजोच्या तारा बदलायला गेला होता. तारा चढवून झाल्यावर कुणाला त्रास नको म्हणून अगदी हलक्या हातानं वाजवून पाहत बसला. तिथं मुंबईहून आलेले एक गृहस्थ होते, खेडोपाडीच्या चाली गोळा करत हिंडणारे. ते तासभर उभ्यानं ऐकत राहिले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी भावाला मुंबईला बोलावलं. तिथं ढोलकीवाला तयार बसवलेला होता. भाऊ म्हणाला, ढोलकी नको. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाला तरी नको म्हणाला होता. गृहस्थांनाही तेच हवं होतं, म्हणून निभावलं.

मग कव्हर छापून आलं. कव्हरावर डोक्यावर घागर घेतलेली एक बाई, ओठ लालभडक, पदर वाऱ्यावर. आमच्या भागात असा पदर सोडून पाण्याला जाईल अशी बाई मी पाहिलेली नाही. वर मोठ्या अक्षरांत 'मराठी मातीचे गोड सूर', खाली भावाचं नाव, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत एकच शब्द, 'पारंपरिक'. तो शब्द वाचला आणि माझं डोकं फिरलं. पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही. म्हणजे रस्त्यावर पडलेलं होतं, उचललं.

भागूमावशी आमच्या शेजारची. आमच्या ख्रिस्ती वस्तीत तेव्हा वीस-बावीस घरं होती आणि आमचं घर आणि गिदोनदादांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. गिदोनदादा हे मंडळीचे वडील, म्हणजे पाळकसाहेबांच्या खालोखाल देवळात त्यांचा शब्द. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. पांढरं पागोटं, स्वच्छ धोतर, रविवारी पहिल्या बाकावर. त्यांच्या धाकट्या भावाची विधवा बायको म्हणजे भागूबाई. नवरा गेला तेव्हा ती विशीत होती, पोटी मूल नव्हतं. गिदोनदादांनी तिला घरातून काढलं नाही, याचं सगळी वस्ती कौतुक करी. घरातून काढलं नाही हे खरंच आहे. चौदा माणसांचं दळण कुणी दळलं असतं?

पहाटे चारला त्या भिंतीपलीकडून जातं सुरू व्हायचं आणि जात्यावर तिचा आवाज. माझा भाऊ भिंतीला पाठ लावून निजायचा. भिंत मातीची, जाड, शब्द तिच्यात मुरून जायचे आणि चाल तेवढी अलीकडे यायची. पंधरा वर्षं तो पोरगा रोज त्या चालींवर जागा झाला. मोठेपणी मच्छिंद्रच्या पार्टीत दिवसभर ढणढणाट करून घरी आला की बेंजो मांडीवर घेऊन तो तेच वाजवायचा, कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू. दर ओळीनंतर तो थांबायचा. जात्याच्या तोंडात मूठभर जोंधळा टाकण्याला वैरण घालणं म्हणतात. वैरण घालताना बाईचा एक हात खुंट्यावरून सुटतो, जातं मंदावतं, गळाही थांबतो. तेवढंच माझा भाऊ थांबायचा. का थांबतोय हे त्याला ठाऊक नव्हतं, त्याला वाटे चालच तशी आहे. ज्याला मच्छिंद्र बिघाड म्हणाला तो हा बिघाड.

शब्द मला ठाऊक होते. मी भिंतीपलीकडे होते. सात-आठ वर्षांची झाल्यापासून मी भागूमावशीसमोर बसून खुंट्याला दुसरा हात लावायची. आमच्याकडे एक रीत होती, कुणी शिकवत नसे पण प्रत्येक पोरीला कळे. जात्यावर बसून बाई जे बोलते ते जात्यावरच राहतं. सासूबद्दल असो, नवऱ्याबद्दल असो, उठल्यावर ते कुणी कुणाला सांगत नाही, आणि बाप्यांना तर नाहीच. म्हणून मी भावालाही कधी सांगितलं नाही. गावात पिठाची गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली, भागूमावशीचं गाणं बंद पडलं, तरी सांगितलं नाही. भाऊ मुंबईला निघाला तेव्हा एवढंच म्हटलं, "मावशीला इचारून जा."

"इचारायचं काय त्यात?" तो म्हणाला. "खूश व्हईल ती. आल्यावर सांगू."

आल्यावर सांगितलं नाही. कव्हर पाहिल्यावर तर त्याला तिच्यासमोर जायचीच लाज वाटायला लागली. आणि लाज वाटली की माणसं जशी करतात तसं त्यानंही केलं, आज उद्या करत राहिला.

आता त्या ओव्यांत काय होतं ते सांगते. रीत मोडतेय, हे ठाऊक आहे. पण ती भागूमावशीनं माझ्याआधी मोडली.

१९३९ साली गिदोनदादांची थोरली मुलगी पुष्पावती हिचं लग्न ठरलं. शनिवारी लग्न. आदल्या सोमवारपासून भागूमावशी जात्यावर होती. गुरुवारी दुपारी पारनेर तालुक्यातून तिच्या माहेरचा एक माणूस दोन दिवस चालून निरोप घेऊन आला. आई शेवटच्या घटका मोजतेय, लेकीचं नाव घेतेय, असेल तशी पाठवून द्या. तो माणूस वेशीपाशी गिदोनदादांना भेटला. त्यांनी त्याला झाडाखाली बसवून भाकरी खायला घातली, पाणी दिलं आणि तिथूनच परत लावला. सांगतो म्हणाले. शनिवारी लग्न झालं, रविवारी वऱ्हाड गेलं, आणि मंगळवारी विहिरीवर दुसऱ्याच गावच्या एका बाईनं भागूमावशीला विचारलं, "आईच्या मातीला न्हाई गेलीस व्हय गं?" घरी येऊन तिनं सासूला विचारलं. सासू म्हणाली, लग्नघरात मरणाचं बोलू नये म्हणून थांबलो. थांबले होते ते पिठासाठी. तिला पाठवलं असतं तर दीड मण जोंधळा दळायला दुसरं कोण होतं?

थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. त्यामुळे त्यांना तिनं कधी काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती जात्यावर बसली आणि तिनं पहिली ओवी घातली:

आईचा निरोप गं, आला वेशीच्या आतमंदी
दादानं खोवला गं, आपुल्या पागोट्यामंदी

त्यानंतर वीस-बावीस वर्षं ती गातच राहिली. रोज तीच गाऱ्हाणी, कधी एक शब्द बदलून, कधी चाल बदलून. पलीकडच्या खोलीत गिदोनदादा झोपलेले असायचे. ते कधी जागे झाले नाहीत, किंवा झाले आणि त्यांनी ऐकलं नाही. बाईच्या जात्यावरचं बाप्ये ऐकतच नाहीत, त्यांच्या लेखी तो पाखरांचा आवाज. आणि या ओव्या एखाद्या किंकाळीसारख्या नव्हत्याच. आवाज चढवला असता तर घरच जागं झालं असतं. शिव्याशाप सगळे, पण हळू, अंगाईच्या चालीत.

त्या चालींना आता 'गोड सूर' असं नाव पडलं होतं.

पुढचा महिनाभर मी लोकांची मतं ऐकत फिरले आणि जळत राहिले. नगरच्या दुकानदारानं पेटीची पेटी मुंबईला परत पाठवली, वर चिठ्ठी की आवाज तुटतो, गिऱ्हाइकं भांडतात. कारखान्यातल्या एका साहेबानं भावाला बोलावून सांगितलं की पुढच्या खेपेला एखादी लावणीची चाल घ्या. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी मात्र कौतुक केलं, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. ते म्हणाले, "किती निवांत आहे हो. यात कुठे दुःखाचा लवलेश नाही. आपला खेडूत किती समाधानी होता, ते यातून कळतं." मी हजेरीपट घेऊन वर्गात निघून गेले, नाहीतर नोकरी गेली असती.

बायकांचं वेगळं झालं. एका लग्नात मांडव भरायच्या आधी, पहाटेच मच्छिंद्रनं कर्ण्याची चाचणी घ्यायला म्हणून ही तबकडी लावली, हिच्या आवाजानं कुणाची झोप मोडत नाही म्हणून. आम्ही बायका मांडवामागे भाज्या निवडत होतो. पहिली चाल वाजली आणि आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे हात थांबले. चाल थांबली त्या जागी, माझ्या डोळ्यांदेखत, तिघींचे उजवे हात आपोआप जमिनीकडे गेले आणि मूठ भरून वर आले. मुठीत काही नव्हतं. एक जण दुसरीला म्हणाली, "ही तर भागूची." दुसरी म्हणाली, "गप." एवढंच. मग त्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, मास्तरणीकडे, जिच्या भावानं हे केलं होतं. मला मान वर करता आली नाही. भागूमावशी त्या लग्नाला नव्हती, तापानं घरी पडलेली होती.

आणि सगळ्या गावात ही रेकॉर्ड सर्वांत जास्त कुणाला आवडली असेल, तर गिदोनदादांना. त्यांनी ती पाळकसाहेबांच्या बंगल्यावर ऐकली, दोनदा ऐकली. डोळ्यांत पाणी आलं म्हणे. आपल्या वस्तीच्या पोराचं नाव मुंबईत छापून आलं, ढणढण नाही, धिंगाणा नाही, किती पवित्र वाटतं, असं म्हणून त्यांनी ठरवलं की नाताळाच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या आवारात सर्वांना जेवण आणि जेवणाआधी कृपादानचा सत्कार. मच्छिंद्रला कर्णे लावायला सांगितलं. सगळ्यांसमोर रेकॉर्ड वाजणार.

मी भावाला म्हटलं, "न्हाई म्हन."

"का?"

"मावशी तिथं बसनार हाय. तिला अजून तू सांगितलं न्हाईस."

"नाताळाला सांगतो. सगळ्यांम्होरं सांगतो, की ह्या तिच्या चाली हायेत. खूश व्हईल."

"त्यात काय हाय तुला म्हाईत हाय का?"

"चाली हायेत," तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज चढला. मी जन्मात पहिल्यांदा तो चढलेला ऐकला. "पंधरा वर्सं लोकांच्या नवरदेवांम्होरं नाचायचं वाजवतोय मी. एक डाव मला खुर्चीवर बसवायला निघालेत, तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

त्याचंही खरं होतं. पण त्याच्या खुर्चीसाठी तिची गाऱ्हाणी कर्ण्यावर लागणार होती, आणि ज्याच्यावरची गाऱ्हाणी तोच माणूस डोळे मिटून मान डोलावणार होता. हे मला सहन होईना. नाताळाला दोन दिवस उरले असताना मी गिदोनदादांच्या मागच्या खोलीत गेले. भागूमावशी खाटेवर बसून गोधडीला टाके घालत होती. साठीला टेकली होती, ताप नुकताच उतरला होता. मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

तिनं सुई कापडात खोवून ठेवली.

"कुनाला इचारून?" ती म्हणाली.

"कुनालाच न्हाई, मावशे."

"शब्द?"

"शब्द न्हाईत. नुसती चाल. बेंजोवर."

"मंग लोक काय ऐकत्यात त्यात?"

"गोड हाय म्हनत्यात."

"गोड?" तिचा चेहरा असा झाला की मी मागे सरकले. "माझी माय तिकडं लेक लेक करत मेली आन् मी हितं भाकऱ्यांचं पीठ काढत हुते. त्यात गोड काय हाय? तुझा भाऊ काय भिताडाला कान लावून माझं गोड चोरत हुता का?"

"त्याला शब्द ऐकू येत नव्हते, मावशे."

"तुला येत हुते ना? तू हुतीस ना म्होरं बसलेली? तुझं त्वांड कुठं गेल्तं?"

मी म्हटलं, रीत होती. ती म्हणाली, "रीत माझ्यासाठी हुती. तुझ्या भावासाठी न्हाई." आणि ती गोधडीवरचे टाके बोटानं चाचपत राहिली. मला वाटलं आता ती मला हाकलून देईल, आणि मी त्या लायकीची होते.

"कोन कोन म्हनलं गोड?" तिनं शेवटी विचारलं.

मी एकच नाव सांगितलं. भिंतीपलीकडे तेव्हा गिदोनदादा कुणाला तरी मोठ्यानं नाताळाच्या भाताचा हिशोब सांगत होते. भागूमावशीनं तिकडे पाहिलं. मग तिनं सुई पुन्हा हातात घेतली आणि म्हणाली, "येते म्हनावं मी. पुढल्या बाजूला जागा धरा."

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता देवळाच्या आवारात सगळी वस्ती आणि गावातलीही माणसं जमली होती. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बायका, मध्ये टेबलावर मच्छिंद्रचं यंत्र आणि कडुनिंबाला बांधलेले दोन कर्णे. समोर खुर्च्यांवर पाळकसाहेब, गिदोनदादा आणि माझा भाऊ, इस्त्रीच्या सदऱ्यात, गळ्यात झेंडूचा हार. बायकांत पहिल्या रांगेत भागूमावशी, तिच्या शेजारी मी, आणि पलीकडे पुष्पावती. तीच पुष्पावती, जिच्या लग्नाचं पीठ. आता ती शेहेचाळीस वर्षांची, नातवंडं असलेली बाई होती आणि दर नाताळाला माहेरी येत असे. आपल्या लग्नाच्या वेळी काय घडलं हे तिला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. ती भागूमावशीला काकू म्हणे, येताना दरवर्षी तिच्यासाठी लुगडं आणी.

गिदोनदादा बोलायला उभे राहिले. पागोटं सारखं केलं. "कृपादाननं जे वाजिवलंय," ते म्हणाले, "ते ऐकलं की मला माझ्या घरातली पहाट आठवती. जात्याची घरघर, घरातल्या लक्षुमीचा गळा. माझ्या घरात कुनी कधी रडलं न्हाई, की कुनी उपाशी निजलं न्हाई. देवाची किरपा. तेच समाधान ह्या रेकॉर्डीत हाय." पाळकसाहेब आमेन म्हणाले.

मच्छिंद्रनं सुई ठेवली. बेंजो इतका हळू वाजत होता की पाठीमागची माणसं बोलतच राहिली. पहिली ओळ संपली, भाऊ थांबला, मागे कुणीतरी म्हणालं, गेला बघ आवाज. आणि त्या थांबलेल्या जागेनंतर, दुसरी ओळ लागताच, माझ्या शेजारून आवाज आला.

ती उभी राहिली नाही. मांडी घालून बसली होती तशीच, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, नजर समोर. आवाज फाटलेला होता, पण बेंजो एवढा बारीक होता की त्याच्यावर तो सहज चढला. आईचा निरोप वेशीच्या आत आला. दादानं पागोट्यात खोवला. एकेक शब्द सुटा ऐकू आला. मागची बडबड थांबली. मच्छिंद्रचा हात सुईकडे गेला, मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं हात मागे घेतला.

नवरीच्या पंगतीला गं, भाकरीची रचली चवड
तिकडं माझ्या मायीला, लेकीवाचून मरण जड

पुष्पावतीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "कोन नवरी, काकू?" ती हळूच म्हणाली. भागूमावशी थांबली नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्या सगळ्या पुष्पावतीकडे बघत होत्या. तिला उत्तर मिळालं.

देवाच्या दारी दादा, पागोटं जवा सोडशील
माझ्या मायीचा निरोप, तवा कुनाला देशील

चाल संपली. माझा भाऊ गळ्यातला हार हातात धरून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. तुला ठाऊक होतं, असं त्याचे डोळे विचारत होते, आणि मी होकाराची मान हलवली. त्यानं हार काढून खुर्चीखाली ठेवला.

गिदोनदादा भागूमावशीशी बोलले नाहीत. ते पाळकसाहेबांकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "काय काढलंय हिनं हे आज? कसला निरोप? मला तर काय बी आठवत न्हाई."

आणि ते खोटं बोलत नव्हते. हे मी आजही शपथेवर सांगेन. वीस-बावीस वर्षं तिनं रोज पहाटे ज्याला शाप दिले, तो माणूस ती गोष्ट साफ विसरून गेला होता. मला त्या क्षणी समजलं की याहून मोठा अन्याय तिच्यावर गिदोनदादांनीसुद्धा केलेला नव्हता.

भागूमावशीनं पदर मागे सारला. थोरल्या दिरासमोर तिचा उघडा चेहरा त्या वस्तीनं पहिल्यांदा पाहिला.

"आठवत न्हाई व्हय," ती म्हणाली. "मच्छिंद्र, पयल्यापून लाव."

मच्छिंद्रनं कुणाकडेही न बघता सुई उचलून पुन्हा तबकडीच्या कडेला ठेवली. गिदोनदादा खुर्चीचे हात धरून उठायला लागले. एवढ्यात पुष्पावती बायकांतून उठली, मधली मोकळी जागा ओलांडून बापाजवळ गेली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"बसा, आबा," ती म्हणाली. "काकूचं अजून झालं न्हाई."